उसनी कातडी

७ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी अडीचला रसायनाच्या कारखान्यातून भाजलेला माणूस आला. वय ३१. रिअ‍ॅक्टरचं झाकण उघडताना भडका उडाला. छाती, पोट, दोन्ही हात, मांड्यांची पुढची बाजू, चेहऱ्याचा थोडा भाग. एकूण ५५ टक्के, त्यातलं बहुतेक खोलवर गेलेलं. पाठ, पोटऱ्या आणि डोकं वाचलं आहे. पुढचे कित्येक आठवडे आमची सगळी भिस्त या वाचलेल्या पाठीवर असणार आहे.

वजन ६० किलो. म्हणजे पहिल्या चोवीस तासांत सलाईन तेरा लिटरच्या वर, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि ते आठ तास भाजल्या क्षणापासून मोजायचे. रुग्णवाहिका शोधण्यात आणि रस्त्यात दोन तास गेले होते. बेड चारवर घेतलं. लघवीचा रंग संध्याकाळी सुधारला.

रात्री बाहेर बाकावर त्याची बायको, आई आणि बायकोचा भाऊ बसले होते. भावाने मोबाईल पुढे केला. "मॅडम, हे स्टेम सेलचं इंजेक्शन बघा. पंधरा दिवसांत नवी कातडी येते म्हणतात. पैशाचं आम्ही बघतो, गावाकडं जमीन आहे."

जमिनीचं राहू द्या, उद्या सकाळी नीट बोलू, एवढंच म्हणाले. घाईत उडवून लावावा असा हा प्रश्न नाही. स्टेम सेलमुळे नवी कातडी येते, हे खरंच आहे. इंजेक्शनने मात्र येत नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार

तिघांना ड्रेसिंगच्या खोलीत बसवून कागदावर चित्र काढून दाखवलं. त्वचेचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो आणि महिन्या-दीड महिन्यात तो सगळाच्या सगळा बदलतो. झिजून गेलेलं भरून काढणाऱ्या मूलपेशी, म्हणजेच स्टेम सेल, या थराच्या तळाशी असतात. आणखी काही केसाच्या मुळापाशी, एका फुगीर भागात, खोल दडून असतात. वरवर भाजलं तर केसाच्या मुळातल्या पेशी वर सरकतात आणि जखम आपली आपण भरते. खोल भाजलं की दोन्ही साठे जातात. मग कडेच्या चांगल्या कातडीकडून जेवढं आत सरकेल तेवढंच. तळहाताएवढी जखम अशी कशीबशी भरेल, छातीएवढी भरत नाही.

या पेशी शरीराबाहेर वाढवायला १९७५ मध्ये जमलं. अमेरिकेत एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि जेम्स राइनवॉल्ड उंदराच्या गाठीतल्या पेशींवर काम करत होते, त्वचेवर नव्हे. काचेच्या ताटलीत त्वचेसारख्या पेशींचे पुंजके दिसू लागले, आणि ग्रीनने ते बाजूला न टाकता त्यांचाच पाठपुरावा केला. तळाला उंदराच्या पेशींचा एक थर ठेवायचा. किरणोत्सार देऊन त्याची वाढ थांबवलेली असते, तरी तो वरच्या पेशींना पोसतो. त्यावर माणसाच्या त्वचेच्या पेशी टाकल्या की तीन-चार आठवड्यांत दोन-तीन चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यापासून अख्खं अंग झाकेल एवढा थर तयार होतो.

१९८३ मध्ये वायोमिंगमधल्या कॅस्पर गावात मुलं अंगाला लागलेला रंग द्रावणाने काढत होती, ते द्रावण पेटलं. दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून जास्त भाजले. बॉस्टनच्या श्राइनर्स रुग्णालयात त्यांच्या उरलेल्या त्वचेच्या चिमूटभर तुकड्यांपासून प्रयोगशाळेत त्वचा वाढवली आणि जवळजवळ निम्मं अंग तिने झाकलं. दोघेही जगले. १९८४ मध्ये हे छापून आलं. मी शिकत असताना सरांनी तो लेख आम्हा सगळ्यांकडून मोठ्याने वाचून घेतला होता.

मेहुणा लगेच म्हणाला, "मग तेच करा की इथं."

आमच्या रुग्णालयात तशी प्रयोगशाळा नाही, हे सांगितलं. पण ते अर्धंच उत्तर झालं. उद्या अशी प्रयोगशाळा तळमजल्यावर उभी राहिली तरी पेशींना त्यांचे तीन आठवडे लागणारच. उघड्या जखमेचा माणूस तीन आठवडे थांबू शकत नाही. पाणी झिरपत राहतं, अंगातली उष्णता जाते, आणि पाचव्या-सहाव्या दिवसापासून जंतू आत शिरू लागतात.

बायको इतका वेळ गप्प होती. तिने विचारलं, "तोवर अंगावर काय घालणार?"

नेमका प्रश्न तोच आहे.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मोबाईलवरची ती जाहिरात मी पूर्ण पाहिली. मणका, मेंदू, मधुमेह, भाजणं, सगळ्याला एकच इंजेक्शन. पोटाच्या चरबीतून किंवा हाडातून पेशी काढून परत टोचायच्या. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर अशा पेशी-उपचारांना रीतसर मंजूर झालेल्या चाचणीतच जागा आहे. आणि चाचणीत रुग्णाकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ही एक ओळ प्रत्येक बर्न्स वॉर्डाच्या आणि प्रत्येक मणक्याच्या ओपीडीच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लावायला हवी. मेहुण्याला मी ती लिहूनच दिली. भूकंपात, अपघातात, स्फोटात घरातला कमावता माणूस पडला की लोक जमीन विकायला तयार असतात, आणि हे दुकान त्या तयारीवर चालतं. मला याचा संताप येतो.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

पहिली शस्त्रक्रिया. छाती आणि उजवा हात.

जळालेला थर पात्यासारख्या सुरीने तासत जायचं, खालून टिपटिप रक्त दिसेपर्यंत. रक्त दिसलं म्हणजे जिवंत थर आला. मग पाठीवरून डर्माटोमने, म्हणजे कातडी सोलायच्या यंत्राने, पाव मिलिमीटरहून पातळ पट्ट्या काढल्या, यंत्रात घालून त्यांची जाळी केली आणि चौपट ताणून छातीवर पसरली. जाळीची भोकं मोठी असतात, त्यातून जखम उघडीच राहते. म्हणून या जाळीवर दुसऱ्या माणसाच्या त्वचेचं पांघरूण. खाली स्वतःची, वर उसनी. उसनी झाकून धरते आणि खालच्या दोऱ्यांमधून पेशी सरकत सरकत भोकं बुजवतात.

ही उसनी त्वचा त्वचापेढीतून आली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत घरी जाऊन मांड्या, पाय आणि पाठीवरून वरचा पातळ थर घेतात. पाऊण तासाचं काम. देहातून रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लावत नाहीत, नंतर पट्ट्या बांधून देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये थंड जागी ही त्वचा पाच वर्षांपर्यंत टिकते. ग्लिसरॉलमध्ये तिच्यातल्या पेशी जिवंत राहत नाहीत. ती जखमेवर कायमची रुजत नाही, दोन-तीन आठवडे चिकटून राहते आणि मग सुटते. आम्हाला हवे असतात तेही नेमके तेवढेच आठवडे.

देशातली पहिली त्वचापेढी मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, २००० मध्ये डॉ. माधुरी गोरे यांनी उभी केली. नंतर ऐरोलीला नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये झाली. इतर शहरांतही पेढ्या निघाल्या. नेत्रदानाचा फॉर्म भरलेली माणसं मला सर्रास भेटतात. त्वचादानाचं नाव काढलं की तीच माणसं दचकतात.

आज बाटलीवर फक्त क्रमांक होता. कुणाच्या घरातून आली ते मला कळत नाही, कळूही नये. पण त्या घरातल्या कुणीतरी रडणं आवरून फोन फिरवला असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार

ताप १०१. नाडी ठीक. पांघरूण जागच्या जागी.

बालीचे बॉम्बस्फोट याच तारखेला झाले, २००२ मध्ये. २०२ माणसं गेली. भाजलेल्यांपैकी २८ जणांना ऑस्ट्रेलियात रॉयल पर्थ रुग्णालयात आणलं आणि फिओना वुड यांच्या पथकाने त्यांच्यावर उपचार केले. २५ वाचले. वुड आणि मेरी स्टोनर यांनी त्याआधी काही वर्षं ग्रीनच्या पद्धतीवर काम करून वाढवण्याचा काळ तीन आठवड्यांवरून पाचेक दिवसांवर आणला होता. पूर्ण थर बनेपर्यंत थांबायचं नाही. पेशी सुट्या असतानाच द्रवात घेऊन जखमेवर फवारायच्या, पुढची वाढ त्यांनी अंगावरच करायची. पुढे याचंच एक छोटं यंत्र झालं. शस्त्रक्रिया चालू असतानाच अर्ध्या तासात टपाल तिकिटाएवढ्या तुकड्यातून फवारा तयार होतो. अमेरिकेत त्याला २०१८ मध्ये मान्यता मिळाली.

बालीच्या वेळी या पद्धतीची मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नव्हती आणि वुड यांच्यावर त्याबद्दल टीका झाली. टीका करणाऱ्यांचा मुद्दा मला पटतो. तरी वुड त्या मोबाईलवरच्या दुकानदारांच्या रांगेतल्या नव्हेत. त्यांच्या पेशी त्वचेच्याच होत्या, त्वचेवरच घातल्या जात होत्या, आणि त्यांचं काम सगळ्यांसमोर तपासायला उघडं होतं. मी फरक करते तो इथे. ज्या पेशीचं घर आपल्याला ठाऊक आहे तिला तिच्या घरी परत नेणं निराळं. कुठलीही पेशी कुठेही टोचून ती काहीतरी करेल म्हणत बसणं निराळं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

औद्योगिक वसाहतीतून पत्र आलं. पुढच्या महिन्यात आपत्ती व्यवस्थापनाची सभा आहे, "स्टेम सेल : भाजलेल्यांसाठी नवी आशा" यावर वीस मिनिटं बोला. हो कळवलं. विषय तोच ठेवेन, पण त्यातली बारा मिनिटं त्वचादानाला.

१५ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दुसरी शस्त्रक्रिया. पाठीवरचं डोनर, म्हणजे कातडी काढलेली जागा, बरं व्हायला अजून आठवडा हवा, म्हणून या वेळी डोक्यावरून घ्यायचं ठरवलं. डोक्याची कातडी हा भाजलेल्यासाठी खजिना असतो. केस दाट, म्हणजे केसाच्या मुळातल्या मूलपेशी दाट, म्हणून तिथली जखम सात-आठ दिवसांत भरते आणि तिथूनच पुन्हा पुन्हा घेता येते.

संमतीचा कागद घेऊन गेले तर आई उठून उभीच राहिली. "याचा बाप जिता हाय गावाला, आन् तुम्ही याचं डोकं भादरताय?"

सिस्टरनी मला बाजूला घेतलं, म्हणाल्या, मॅडम, जरा थांबा. मी थांबले. मेहुण्याने गावी फोन लावून आईच्या कानाला दिला. पलीकडून काय बोलणं झालं ते आधी कळलं नाही. मग त्यांनी फोन माझ्याकडे दिला. वडील म्हणाले, "डाक्टरीणबाई, मी सांगतो तिला. पोरगं राहिलं तर केस येत्यात. काढा तुम्ही."

केस येतात, हे त्यांनी धीर द्यायला म्हटलं असेल. पण शास्त्रही तेच आहे. आम्ही घेतो तो थर केसाच्या मुळाच्या बराच वर असतो. मूळ खालीच राहतं, त्यातल्या पेशी वर येऊन डोकं झाकतात, आणि मागोमाग केसही. आईला मी हे दोनदा समजावलं. तिने अंगठा दिला, नंतर पदराने तो पुसत राहिली.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज राउंडला शिकाऊ डॉक्टरांना एक गोष्ट सांगितली, ती लिहून ठेवते. ते स्टेम सेल म्हटलं की पांढरे कोट, शून्याखाली गोठवलेल्या नळ्या असं काही डोळ्यांसमोर आणतात. आपण रोज करतो ते ग्राफ्टिंग, म्हणजे त्वचारोपण, हा मूलपेशींचाच उपचार आहे. जॅक रेव्हर्डाँने पॅरिसमध्ये १८६९ साली त्वचेचे बारीक तुकडे जखमेवर ठेवले आणि ते बेटांसारखे पसरले, तेव्हा त्याला पेशींचं हे शास्त्र माहीत नव्हतं. ग्राफ्ट टिकतो तो तळाच्या मूलपेशी त्याच्याबरोबर गेल्या म्हणून. डोनर भरतं ते केसाच्या मुळातल्या पेशी मागे राहिल्या म्हणून. डर्माटोमची जाडी ठरवताना तुम्ही या दोन साठ्यांची वाटणी करत असता. जाड घेतलं तर डोनर भरत नाही, फार पातळ घेतलं तर ग्राफ्ट नंतर आक्रसतो.

ग्रीन आणि यान बाराँदोँ यांनी १९८७ मध्ये दाखवलं की त्वचेच्या वाढणाऱ्या पेशींत तीन प्रकारचे पुंजके असतात. त्यांपैकी एकाच प्रकारातल्या पेशी दीर्घकाळ विभागत राहतात, बाकीच्या काही फेऱ्यांत संपतात. प्रयोगशाळेतल्या थरात या टिकाऊ पेशी हरवल्या तर तो थर रुजतो, छान दिसतो, आणि काही आठवड्यांनी विरघळून जातो. जर्मनीत बोखुम इथे सिरियातून आलेल्या एका सात वर्षांच्या मुलाला २०१५ मध्ये जवळजवळ ८० टक्के नवी त्वचा दिली. त्याला जन्मजात त्वचारोग होता, भाजलेला नव्हता. पण दोन वर्षांनी इटलीतल्या मिकेले दे लुका यांच्या गटाने तपासलं तेव्हा त्याची सगळी त्वचा थोड्याच टिकाऊ मूलपेशींच्या वंशातली निघाली. जाहिरातीत कोट्यवधी पेशींचे आकडे असतात. इथे काम केलं ते मूठभर योग्य पेशींनी.

मग डोनरच्या ड्रेसिंगवरून बोलणं गेलं, आणि मुलांना आपल्याच शहराचा इतिहास माहीत नाही हे कळलं. वाडिया रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी १९८० च्या दशकात बटाट्याच्या उकडलेल्या सालींची पट्टी करून भाजलेल्या मुलांना बांधली. शीवला डॉ. गोरे आणि अकोलेकर यांनी केळीच्या पानांची निर्जंतुक ड्रेसिंगं करून त्यांचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकात छापले. पान जखमेला चिकटत नाही, सोलताना दुखत नाही, ओल टिकते. मूलपेशीला पसरायला ओलावा लागतो, कोरड्या खपलीवर ती अडते. तो ओलावा कोट्यवधींच्या प्रयोगशाळेतून आला की केळीच्या पानातून, पेशीला सारखंच.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

रात्रभर फटाक्यांनी भाजलेले येत होते. सगळ्यांच्या जखमा लहान, एक सोडून.

नेत्रविभागातल्या मैत्रिणीने मध्यरात्री बोलावलं. कारंजं तोंडावर फुटलेला दहा वर्षांचा मुलगा, पापण्या माझ्याकडे, डोळा तिच्याकडे. बुबुळाच्या कडेला, काळं आणि पांढरं जिथे मिळतं त्या गोल रेषेत, कॉर्नियाच्या मूलपेशी राहतात. ती कड जळली की पांढऱ्याची कातडी काळ्यावर चढते आणि नुसतं नेत्ररोपण करून भागत नाही. इटलीत ग्राझिएल्ला पेल्लेग्रिनी आणि दे लुका यांनी १९९७ मध्ये या पेशी वाढवून दोन रुग्णांच्या डोळ्यांवर लावल्या. २०१० मध्ये ११२ रुग्णांचा अहवाल आला, तीन-चतुर्थांशांहून अधिक डोळे टिकाऊ सुधारले होते. आणि हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत वीरेंदर सांगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रयोगशाळाच मधून काढून टाकली. चांगल्या डोळ्याच्या कडेचा दोन मिलिमीटरचा तुकडा, त्याचे आठ-दहा कण, ते वारेच्या पातळ पडद्यावर मांडून भाजलेल्या डोळ्यावर चिकटवायचे. पेशी तिथेच वाढतात. एका बैठकीत काम होतं आणि साध्या शस्त्रक्रियागृहात होतं.

माझ्या मते आपल्या देशातून या शास्त्राला मिळालेलं हे सगळ्यात मोठं देणं आहे. या मुलाचा दुसरा डोळा चांगला आहे, तो बरा होईल असं मैत्रीण म्हणाली. तिला भीती असते ती स्फोटांची. वायू, ऍसिड, चुना एकदम दोन्ही डोळ्यांत जातो, आणि मग द्यायला चांगली कड उरत नाही.

२२ ऑक्टोबर, पाडवा

पेढीकडचा साठा कमी आहे. सणात दान येत नाही आणि भाजलेले मात्र येतात.

न्यूझीलंडमध्ये व्हाकारी बेटावर ९ डिसेंबर २०१९ ला ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. त्यांच्यासाठी अमेरिकेतून १२ लाख चौरस सेंटिमीटर त्वचा मागवायची ठरली. म्हणजे सुमारे तेराशे चौरस फूट, मुंबईत दोन कुटुंबं सुखाने राहतील एवढी जागा. आणि ती मागणी होती ४७ माणसांच्या आपत्तीसाठी, पुढारलेल्या देशात. डोंबिवलीला २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये, दोन्ही वेळा मे महिन्यात, कारखान्यांत मोठे स्फोट झाले. मोठ्या माणसाच्या अंगावर साधारण १७,००० चौरस सेंटिमीटर त्वचा असते. निम्मं भाजलेल्याला एकदा झाकायला साडेआठ हजार लागते. अशी तीस माणसं एका संध्याकाळी आली तर अडीच लाख. सभेत हे गणित फळ्यावर मांडायचं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सभेच्या तयारीसाठी चेर्नोबिलचे कागद पुन्हा वाचले. १९८६ मध्ये १३४ जणांना तीव्र किरणोत्सर्गाचा आजार झाला, त्यातले २८ त्याच वर्षी गेले. डॉ. रॉबर्ट गेल अमेरिकेतून मॉस्कोला गेले. तेरा जणांना अस्थिमज्जा दिली, सहा जणांना गर्भातल्या यकृताच्या पेशी. जगभर त्याची बातमी झाली. मज्जा घेतलेल्या तेरांपैकी दोघेच जगले. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या अंगावर किरणोत्सर्गाने भाजल्याच्या मोठ्या जखमा होत्या, आणि मृत्यूत त्यांचा वाटा मोठा होता. मज्जेच्या मूलपेशी बदलता आल्या, त्वचेच्या गेल्या होत्या.

जपानात तोकाइमुराच्या अणु-अपघातात, ३० सप्टेंबर १९९९ ला, असंच झालं. एका कामगाराला बहिणीच्या रक्तातल्या मूलपेशी दिल्या. त्या रुजल्या. ८३ दिवस डॉक्टर झुंजले. त्वचा आणि आतड्याचं अस्तर गळत गेलं ते भरून आलं नाही. दुसऱ्या एकाला नाळेच्या रक्तातल्या पेशी दिल्या, तोही काही महिन्यांनी गेला.

पेशी रुजल्या तेवढ्याने माणूस वाचत नाही. हे वाचताना मी दरवेळी थोडा वेळ पान उलटू शकत नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

एकविसावा दिवस. उसनी त्वचा छातीवरून सुटायला लागली. चिमट्याने उचलली तर खाली जाळीची भोकं बुजलेली, गुलाबी. उजवा हात उत्तम. डाव्या मनगटावर मात्र हिरवट स्राव, सुडोमोनास जंतूंचा. तिथला ग्राफ्ट गेला. पुन्हा घालावा लागेल.

दुपारी त्याने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "माझ्या अंगावर दुसऱ्याची कातडी आहे का?" होती, आता निघतेय, खाली तुझी आहे, असं सांगितलं. थोड्या वेळाने म्हणाला, "कुणाची?" माहीत नाही म्हटलं. तो पुढे काही बोलला नाही.

रात्री क्योतोचा विचार करत बसले. १८ जुलै २०१९ ला तिथल्या ऍनिमेशन स्टुडिओला एका माणसाने पेट्रोल ओतून आग लावली. ३६ जण मेले. लावणारा स्वतः नव्वद टक्क्यांहून जास्त भाजला. दात्यांची त्वचा मर्यादित होती, ती जखमींसाठी राखायची म्हणून त्याला दिली नाही. किंडाई विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. ताकाहिरो उएदा यांनी त्याला कृत्रिम आधारावर ठेवलं आणि कमरेपाशी वाचलेल्या छोट्याशा तुकड्यापासून वाढवलेल्या त्वचेने पुन:पुन्हा शस्त्रक्रिया करून झाकलं. मरून तो सुटू नये, त्याला न्यायालयापुढे उभं राहावं लागावं, ही त्यांची भूमिका होती. तो जगला, आणि २०२४ च्या जानेवारीत त्याला मृत्युदंड सुनावला गेला.

माझ्या मनात राहतं ते रुग्णालयाने केलेलं वाटप. जपानसारख्या देशात, जिथे वाढवलेली त्वचा २००७ पासून मान्यताप्राप्त उत्पादन म्हणून मिळते, तिथेही उसनी त्वचा पुरली नाही आणि कुणाला द्यायची ते ठरवावं लागलं. डॉक्टरवर असं ठरवायची पाळीच येऊ नये, एवढा साठा हवा.

५ नोव्हेंबर, बुधवार

सभा झाली. कारखान्यांचे सुरक्षा अधिकारी, अग्निशमनचे लोक, काही कामगार प्रतिनिधी. अडीच लाख चौरस सेंटिमीटरचं गणित फळ्यावर मांडल्यावर शांतता झाली, मग प्रश्न आले. त्वचादानाचे फॉर्म होते नव्हते तेवढे गेले.

शेवटी मागच्या रांगेतला एक तरुण इंजिनिअर उठला. "मॅडम, पेशींना तीन आठवडे लागतात ना? मग आमच्या माणसांच्या पेशी आधीच वाढवून गोठवून ठेवता येतील का?"

हा प्रश्न हुशारीचा आहे आणि जपानात तो खरोखर विचारला गेला होता. फुकुशिमानंतर, २०११ मध्ये, तिथल्या डॉक्टरांनी लॅन्सेटमध्ये सुचवलं की अणुभट्टीत काम करणाऱ्यांच्या रक्तातल्या मूलपेशी आधीच काढून गोठवून ठेवाव्यात. सरकारच्या सल्लागारांनी ते स्वीकारलं नाही. कामगारांवर शरीराचा आणि मनाचा भार पडेल, आणि याबाबत जगात एकमत नाही, अशी कारणं दिली. त्वचेच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवता येतात, नंतर वाढतात, हे जुनं ज्ञान आहे. मी त्याला म्हटलं, होऊ शकतं. लिहून पाठवते.

आज रात्री ते लिहिलं. सगळ्या कामगारांचं नको, रिअ‍ॅक्टर आणि भट्टीवरच्यांचं आधी. भूल देऊन दोन-तीन चौरस सेंटिमीटरचा तुकडा. तो कुठल्या सार्वजनिक संस्थेत राहील, नोकरी सोडल्यावर कुणाचा, वारल्यावर काय, हे आधी ठरवायचं. कंत्राटी कामगार यादीत पहिले, कारण झाकण उघडायला तेच पुढे असतात. बेड चारही कंत्राटीच आहे. संमतीचा कागद कंपनीच्या माणसाने पुढे करायचा नाही, तिथे बाहेरचा डॉक्टर आणि कामगाराच्या घरचं कुणीतरी हवं. आणि पेशी गोठवून ठेवल्या म्हणून झाकणाच्या व्हॉल्व्हची तपासणी एक दिवसही पुढे ढकलली जाणार नाही, हे करारातच लिहायचं.

बेड चारची तिसरी शस्त्रक्रिया शुक्रवारी. डाव्या मनगटासाठी पुन्हा डोक्यावरून घेणार. केस अर्धा सेंटिमीटर आले आहेत, ते परत काढावे लागतील. आईला आज सांगितलं. ती म्हणाली, काढा.